वायूचे नाव आधी विचारा



आपल्या धर्मग्रामातील एक शेतकरी दर रविवारी न चुकता मिस्सेला येतात. पण चर्चच्या पायऱ्या चढताना ते मध्ये दोनदा थांबतात. वय अवघे पन्नाशीचे, घरची दोन एकर भातशेती. शेतात काम नसेल तेव्हा ते एका बर्फाच्या कारखान्यात रोजंदारीवर जात असत. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तेथे नळाचा एक सांधा सुटला आणि उग्र वासाचा वायू खोलीभर पसरला. डोळे चुरचुरले, घशात आग झाली. मुकादमाने त्यांना बाहेर बसवले, गुळाचा खडा आणि तांब्याभर ताक दिले आणि घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खांद्यावर कुदळ टाकून बांध घालायला गेले. मी वाटेत विचारले तर म्हणाले, "काय न्हाई वो फादर, जरा दम लागतोय."

दहा दिवस झाले तरी खोकला थांबेना, तेव्हा ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारले, "वायू कोणता होता?" त्यांना सांगता आले नाही. मुलाने कारखान्यात जाऊन विचारले, तर मुकादमालाही नीट सांगता आले नाही. "बर्फाचा वास येतो ना, तोच," एवढेच उत्तर मिळाले. मग काही महिने दम्याचे औषध झाले, मध्येच क्षयाची तपासणी झाली. तो वायू अमोनिया होता हे समजेपर्यंत छातीचे जे व्हायचे ते होऊन गेले होते.

या पानावर आपण खतांविषयी, बियाण्यांविषयी, जनावरांच्या आजारांविषयी वाचतो. आज मी श्वासाविषयी लिहिणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: ज्या वायूच्या शेजारी आपण राहतो किंवा काम करतो, त्याचे नाव अपघात होण्याच्या आधी आपल्याला ठाऊक असले पाहिजे. आणि ज्याच्या छातीत तो वायू गेला आहे, त्याला दुसऱ्या दिवशी कामावर पाठवणे हे पाप आहे. मग पाठवणारा मुकादम असो, घरची माणसे असोत, नाहीतर तो स्वतः असो.

फुप्फुसात काय होते

श्वासनलिका झाडाच्या फांद्यांसारखी विभागत जाते आणि तिच्या टोकांना हवेच्या बारीक पिशव्या असतात. त्यांची संख्या कोट्यवधी आहे. त्या सगळ्या उलगडून पसरल्या तर सुमारे 70 चौरस मीटर जागा भरेल, म्हणजे एखाद्या बेताच्या घराची जमीन. या पिशव्यांचे पापुद्रे एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतात. पापुद्र्याच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त. त्यातून प्राणवायू आत जातो.

दाहक वायू या पापुद्र्यापर्यंत पोचला की तो त्याला भाजून काढतो. मग रक्तातले पाणी पाझरून पिशव्यांत भरू लागते. रोपाच्या वाफ्यात पाणी तुंबले की मुळे गुदमरतात, तसा माणूस कोरड्या जमिनीवर उभा असून आतल्या आत बुडतो. जे यातून वाचतात त्यांच्यातही काहींच्या बारीक श्वासनळ्या बरे होताना व्रण पडून आखडतात, काहींची फुप्फुसे जाड व ताठर होतात, काहींना कायमचा दमा जडतो. गूळ, ताक, दूध यांचा येथे काही उपयोग नाही. ते पोटात जातात आणि वायू छातीत गेलेला असतो. गुळाचा खडा देणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, परंतु त्या खड्याने "आता बरे वाटेल" असे समाधान मिळते आणि दवाखान्याची वाट चुकते.

सगळे वायू सारखे वागत नाहीत, हेही समजून घ्या. अमोनिया आणि गंधकाचा धूर हे पाण्यात चटकन विरघळतात. त्यामुळे ते नाक, डोळे, घसा आधी जाळतात आणि माणूस पळतो. हा त्रास म्हणजे एक प्रकारची राखणच आहे. मात्र बंद खोलीत सापडलेल्याला तीही वाचवू शकत नाही. क्लोरीन मधल्या जातीचा आहे, तो घसाही जाळतो आणि खोलवरही जातो. फॉस्जीन नावाचा वायू सर्वांत फसवा. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून सुरुवातीला जेमतेम खोकला येतो. माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छाती पाण्याने भरू लागते. सांडपाण्याच्या व मळीच्या टाक्यांत तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड आणखी वेगळा. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण फार असेल तर नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस आत उतरतो आणि परत येत नाही.

म्हणूनच नाव हवे. नाव कळले तर डॉक्टरांना समजते की या रोग्याला घरी सोडायचे की दोन दिवस डोळ्यांखाली ठेवायचे.

भोपाळने काय शिकवले

भोपाळची रात्र आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या कारखान्याचे आणि आपले, शेतकऱ्यांचे, नाते होते हे मात्र पुष्कळांना ठाऊक नाही. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात कार्बारिल नावाचे कीटकनाशक तयार होई. ते 'सेव्हिन' या नावाने शेतकऱ्यांना विकले जाई. ते बनवण्यासाठी मिथिल आयसोसायनेट हे द्रव्य लागे आणि ते द्रव्य बनवण्यासाठी फॉस्जीन. म्हणजे पिकावरची कीड मारण्यासाठी जे तयार होत होते, त्याचा कच्चा माल वस्तीच्या शेजारी टाक्यांत भरून ठेवलेला होता.

सूचना आधीच मिळाल्या होत्या. डिसेंबर 1981 मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीन श्वासात जाऊन एक कामगार मरण पावला. 1982 मध्ये राजकुमार केसवानी या पत्रकाराने आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला पुन्हा पुन्हा सावध केले. कोणी लक्ष दिले नाही. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री टाकीत पाणी शिरले, आतले द्रव्य तापून उसळले आणि पहाटेपर्यंत सुमारे 40 टन विष शहरावर पसरले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. लोकांना जागे करणारा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद करण्यात आला.

हा वायू हवेपेक्षा जड. थंडीच्या रात्री तो जमिनीलगत राहिला आणि झोपड्यांत शिरला. लोक घाबरून धावत सुटले, अनेकजण वायू ज्या दिशेला वाहत होता त्याच दिशेला धावले. धावताना श्वास जोरात चालतो, म्हणजे विषही जास्त आत जाते. इस्पितळे भरून गेली, आणि डॉक्टरांना समोरच्या रोग्याच्या छातीत नेमके काय गेले आहे हे कोणी धड सांगेना. जगातली एक मोठी कंपनी आणि आमच्या गावाजवळचा मुकादम यांच्यात येथे काही फरक राहिला नाही. दोघांकडूनही रोग्याला नाव मिळाले नाही.

सरकारने प्रथम 2,259 मृत्यू जाहीर केले, पुढे मध्य प्रदेश सरकारने 3,787 मान्य केले. पीडितांच्या संघटना याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. 2006 च्या सरकारी प्रतिज्ञापत्रात वायूची बाधा झालेल्यांची संख्या 5,58,125 दिली आहे. वायू त्या सकाळी रस्त्यावरून निघून गेला, पण हजारोंच्या छातीतून तो कधीच गेला नाही. चार पावले चालताच धाप लागणारी, ओझे उचलू न शकणारी, कामावरून काढलेली माणसे त्या वस्त्यांत पुढे वर्षानुवर्षे जगत राहिली.

1989 मध्ये 47 कोटी डॉलर्सची तडजोड झाली. जखमींपैकी बहुसंख्यांच्या वाट्याला सुरुवातीला 25,000 रुपये आले. ज्यांच्याकडे कागद नव्हते त्यांना आपली धाप खरी आहे हे सिद्ध करण्यासाठी खेटे घालावे लागले. जादा भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने 14 मार्च 2023 रोजी फेटाळली. आणि ज्या कार्बारिलसाठी हे सारे घडले, त्यावर आपल्या देशात 2018 मध्ये बंदी आली. आज त्याच्यावाचून आपली शेती चाललीच आहे.

भोपाळ दूर नाही

कोणी म्हणेल, "फादर, आपल्याकडे कुठे एवढा मोठा कारखाना आहे?" मी म्हणतो, जरा डोळे उघडून फिरा. बर्फाच्या कारखान्यात, शीतगृहात आणि आपण सकाळी दूध घालतो त्या डेअरीच्या मोठ्या शीतकरण केंद्रातही अमोनिया असू शकतो. शहराच्या पाणीशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनच्या टाक्या असतात. साखर कारखान्यात रस स्वच्छ करण्यासाठी गंधक जाळतात आणि मळीच्या, सांडपाण्याच्या टाक्या तर असतातच. शिवाय महामार्गावरून रात्रंदिवस टँकर जातात. 19 जानेवारी 2018 च्या पहाटे गोव्यात वास्कोजवळ चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटला आणि आसपासच्या लोकांना झोपेतून उठून घरे सोडावी लागली. ज्यांच्या गावात एकही कारखाना नाही त्यांच्या दारावरूनही कारखाना रोज जात असतो, तो असा.

तेव्हा पुढील गोष्टी घरातल्या लहानथोरांना सांगून ठेवा.

वायू सुटल्याचे कळले की आधी वारा कोठून येतो ते पाहा. धूर, झाडाचा शेंडा, दोरीवरचे कपडे पाहिले तरी कळते. वाऱ्याला पाठ देऊन पळू नका, वायू तुमच्या मागेच येईल. वाऱ्याच्या आडवे चालत बाजूला निघा आणि जमल्यास उंचावर जा, कारण क्लोरीनसारखे जड वायू ओढ्यात, खळग्यात, तळघरात साचतात. टँकरमधून सुटलेला थंड अमोनियाही प्रथम जमिनीलगतच पसरतो. नाकातोंडावर ओले फडके धरा. अमोनिया आणि क्लोरीनपुढे त्याचा थोडासा आधार होतो. सर्व वायूंवर तो इलाज नव्हे.

बाहेर आल्यावर वायूने भिजलेले कपडे काढा. डोळे चुरचुरत असतील तर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवा. ज्याला धाप लागली आहे त्याला आडवे न निजवता टेकून बसवा, चालवू नका, आणि प्राणवायूची सोय असलेल्या इस्पितळात न्या. तेथे वायूचे नाव सांगा. तो किती वेळ वायूत होता आणि खोली बंद होती की उघडी, हेही सांगा. बरे वाटत असले तरी निदान एक दिवस, आणि वायू फसवा असेल तर दोन दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली राहू द्या. त्या दिवसांत कुदळ नको, नांगर नको, सायकलही नको.

बुडालेल्याला काढायला पाण्यात उडी मारावी, तशी टाकीत किंवा खड्ड्यात उडी मारू नका. एक आत पडला म्हणून दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा, आणि एकाच घरातून तीन शवपेट्या निघतात. ओल्या फडक्यातून प्राणवायू मिळत नाही. तेथे हवेची नळी व मुखवटा असलेले अग्निशामक दलाचे लोकच उतरू शकतात.

शेवटचे असे की, छातीचा एक्स-रे चांगला आला म्हणजे छाती चांगली आहे असे नाही. महिन्याभरानेही धाप किंवा खोकला राहिला तर यंत्रात फुंकून श्वासाची ताकद मोजण्याची तपासणी करून घ्या. प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक अहवाल पेटीत जपून ठेवा. भोपाळच्या लोकांनी या कागदांची किंमत फार महागात शिकली.

विचारणे हा आपला हक्क आहे

भोपाळनंतर कायदे झाले. 1989 च्या नियमांनुसार धोकादायक रसायने मोठ्या प्रमाणात साठवणाऱ्या कारखान्याने आसपासच्या लोकांना धोका कोणता आहे आणि अपघात झाल्यास काय करावे, काय करू नये, हे कळवले पाहिजे. कारखान्याच्या कुंपणाबाहेरच्या संकटासाठी जिल्ह्याची योजना तयार असली पाहिजे. 1996 च्या नियमांप्रमाणे जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती गट असतो आणि लोकांनी मागितल्यास त्याने माहिती दिली पाहिजे. 2005 पासून माहितीचा अधिकार आहेच. पण आपल्यापैकी किती जणांच्या घरी असा एखादा कागद कधी आला आहे? माझ्याकडे तरी आलेला नाही. आणि खरे सांगायचे तर मीही आजवर मागितला नाही. हा दोष मी स्वतःच्या पदरात घेतो.

काहीजण मला म्हणाले, "फादर, असे प्रश्न विचारले तर कारखानदार नाराज होतील. आमची पोरे तेथे कंत्राटावर आहेत. उद्यापासून येऊ नका म्हणाले तर?" ही भीती खोटी नाही. दोन एकरांत घर चालत नाही, म्हणून तर मुले कारखान्यात जातात. कारखाना बंद पडावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. बर्फ लागतो, दूध थंड राहिले पाहिजे, पाणी शुद्ध झाले पाहिजे. पण ज्या मुलाच्या पगारासाठी आपण गप्प राहतो, त्याचीच छाती त्या खोलीत सर्वांच्या आधी जाते. मजुरी बुडाली तर माणूस दुसरी शोधतो. फुप्फुस दुसरे मिळत नाही.

आणि एकट्याने विचारू नये. एकट्या मजुराला दटावता येते, सबंध गावाला दटावता येत नाही. भोपाळच्या कारखान्यातला 337 टन विषारी कचरा 2025 च्या जानेवारीत इंदूरजवळच्या पीथमपूरला नेला, तेव्हा तेथील लोक रस्त्यावर आले. आमच्या हवेत आणि पाण्यात काय जाणार, हे त्यांनी विचारले. पुढे उच्च न्यायालयाच्या देखरेखीत आधी तीन चाचण्या घेतल्या गेल्या आणि मगच तो कचरा जून अखेरपर्यंत जाळून संपवण्यात आला. सर्वांचे समाधान झाले असे नाही. परंतु लोकांनी विचारले म्हणून काम गुपचूप उरकले गेले नाही, हे तर खरे.

म्हणून माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत आपल्या हद्दीतल्या आणि शेजारच्या प्रत्येक कारखान्याबद्दल, शीतगृहाबद्दल, पाणीशुद्धीकरण केंद्राबद्दल तीन प्रश्न मांडा. येथे कोणता वायू आहे? तो किती आहे? तो सुटला तर आम्हाला कोण, कसे कळवणार आणि आम्ही कोठे जायचे? उत्तर लेखी मागा. ग्रामसभेच्या वतीने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज करू. तो लिहायला मी स्वतः बसेन, कोणत्याही संध्याकाळी या. आलेले उत्तर शाळेच्या, पंचायतीच्या आणि आपल्या चर्चच्या फलकावर लावू. ज्या घरातील माणूस अशा ठिकाणी कामाला जातो, त्या घराने वायूचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून देवघराजवळ चिकटवावे. डॉक्टरांनी विचारले तर शाळकरी मुलालाही सांगता आले पाहिजे.

ज्या शेतकऱ्याबद्दल मी सुरुवातीला लिहिले, त्यांची परवानगी घेऊनच हे लिहिले आहे. ते म्हणाले, "लिवा फादर, माझं झालं ते झालं, पोरगा आता तिथंच जातोय." गेल्या आठवड्यात त्या मुलाने कारखान्यातील टाकीवरचे नाव वहीत उतरवून आणून मला दाखवले. गावातल्या यादीतले ते पहिले नाव. बाकीची नावे तुम्ही आणा.